टिंपनी हार्मनीशी भांडते तेव्हा: पार्ट खोडण्याआधी काय तपासायचं

टिंपनी म्हणजे पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रातले भांड्याच्या आकाराचे, ठरावीक सुराला लावायचे ढोल. हार्मनी म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांचा मेळ, आणि पार्ट म्हणजे एका वाद्याची लिहिलेली ओळ. आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमची अडचण हीच आहे का ते लगेच कळेल.

सगळा ऑर्केस्ट्रा जोरात वाजत असताना एका ठरावीक बारला (तालाच्या एका खणाला) खालचा आवाज गढूळ होतो. डबल बास आणि चेलो एक स्वर धरून असतात आणि टिंपनी त्याला खेटून भलताच स्वर ठोकत असते. पुढच्याच बारला सगळं स्वच्छ. कंडक्टर दर रिहर्सलला तिथेच थांबतो, टिंपनीकडे बघतो आणि विचारतो, "सूर बरोबर आहे ना?" तुम्ही ट्यूनर दाखवता. सूर बरोबरच असतो. कधी असं होतं की हळू वाजवताना काहीच जाणवत नाही, पण फोर्टिसिमो (खूप जोराची जागा) आला की कानाला टोचतं. आणखी एक प्रकार म्हणजे, पहिल्या भागात जी जागा सुरेख वाजली तीच पुढे वेगळ्या पट्टीत परत येते, आणि तेव्हा टिंपनी उपरी वाटायला लागते.

मी आधी तबला शिकलो, मग टिंपनीकडे आलो. पंधरा वर्षं मुंबईतल्या एका हौशी ऑर्केस्ट्रात टिंपनी वाजवतोय, आणि पार्ट तपासून ठेवायचं कामही माझ्याकडे आहे. ही तक्रार दर मोसमात एकदा तरी येतेच. बहुतेक वेळा पार्टमधला स्वर बदलावा लागत नाही, घोडं दुसरीकडेच कुठेतरी पेंड खात असतं. पण काही जागा खरोखर बदलण्यासारख्या असतात. त्या ओळखायच्या कशा, ते खाली क्रमाने लिहितो. फुकटात होणारी तपासणी आधी, डोकं आणि वेळ खाणारी शेवटी.

मूळ दुखणं कुठलं

आपल्याकडे षड्ज हलत नाही. तबला एकदा षड्जाला मिळवला की मैफल संपेपर्यंत तो तिथेच राहतो, रागही त्याच षड्जाभोवती फिरतो. सिंफनीत षड्जच जागा बदलतो. डी मेजर या पट्टीत सुरू झालेला भाग काही मिनिटांत ए मेजरला जातो, मग बी मायनर, मग आणखी कुठे. बेथोवेनच्या काळातल्या वादकापुढे टिंपनी असायच्या दोनच, बहुधा षड्ज आणि पंचमाला लावलेल्या, आणि कडेचे स्क्रू हाताने एकेक पिळून सूर बदलावा लागायचा. वाजवता वाजवता ते शक्य नव्हतं. त्यामुळे षड्ज दूर गेला की संगीतकारापुढे दोनच वाटा उरायच्या. टिंपनी गप्प ठेवायची, नाहीतर जवळ आहे तो स्वर वाजवून घ्यायचा. रॉसिनी, डोनिझेट्टी आणि सुरुवातीच्या काळातला व्हेर्डी यांच्या ऑपेरांत ही दुसरी वाट वारंवार दिसते. कल्लोळाच्या जागी टिंपनी हवीच, मग हार्मनी काही का असेना.

म्युनिकच्या गेर्हार्ड क्रामरने १८१२ साली सगळे स्क्रू एकदम फिरवणारी यंत्रणा बनवली. ड्रेस्डेनच्या पिट्रिखची पेडल टिंपनी, म्हणजे पायाने सूर बदलायची, १८८१ ची. आज आपल्या पायाखाली पेडल आहे, म्हणून हात शिवशिवतात. जो स्वर त्या माणसाला मिळाला नाही तो आपण देऊ शकतो. हा मोह मला कळतो, कारण तो मलाही दर वेळी होतो.

पहिली तपासणी: ढोल खरंच सुरात आहे का

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. फोनवरच्या ट्यूनरवर विसंबू नका. टिंपनीच्या नादातले मुख्य उपस्वर साधारण २:३:४ या प्रमाणात असतात. म्हणजे मूळ स्वर, त्याचा पंचम आणि वरचा षड्ज एकदमच वाजत असतात, आणि फोन कधी कधी पंचमच पकडून दाखवतो. तबल्याच्या पुडीवर शाईमुळे उपस्वर असे रांगेत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलं. टिंपनीला शाई नसते. तिथे हे काम भांड्यावरची आणि भांड्यातली हवा करते. म्हणून कानाने ऐका, हेडजवळ (वरच्या ताणलेल्या पुडीजवळ) तोंड नेऊन हलकेच तो स्वर गुणगुणा. सूर जुळला असेल तर हेड गुणगुणत उत्तर देतं.

मग प्रत्येक स्क्रूजवळ, कडेपासून चार बोटं आत, हलकी थाप मारून बघा. तबल्याची घरं मिळवतो तसंच हे काम आहे. एका स्क्रूजवळ सूर चढलेला आणि समोर उतरलेला असेल तर ढोल दोन सुरांत वाजतो. हळू वाजवताना ते लपतं, जोरात वाजवलं की बाहेर पडतं. "फोर्टिसिमोलाच टोचतं" या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा इथेच मिळतं.

हवामानाचंही लक्षात ठेवा. कातडी हेड पावसाळ्यात ओल धरतं आणि उतरतं. प्लास्टिकला ओलीचं फारसं काही नाही, पण एसीच्या गारव्यात ते ताणून चढतं, आणि त्याच गारव्यात बासरी-क्लॅरिनेट मात्र उतरतात. म्हणजे दोघं विरुद्ध दिशेला सरकतात. रिहर्सलच्या खोलीत लावलेला सूर सभागृहात तसाच राहील असं धरून चालू नका.

आणि जे ढोल त्या जागेत वाजत नाहीत त्यांच्यावर फडकं टाका. शेजारचा रिकामा ढोल आपोआप घुमत राहतो, आणि दोष वाजणाऱ्यावर येतो.

दुसरी तपासणी: वरची ओळ नीट वाचली का

जुन्या पार्टच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, "टिंपनी इन एस, बी". जर्मन पद्धतीत "एस" म्हणजे ई फ्लॅट (अर्धा स्वर उतरलेला ई) आणि नुसता "बी" म्हणजे बी फ्लॅट. शुद्ध बीला जर्मन लोक "एच" म्हणतात. आमच्याकडे एका नवीन मुलाने बेथोवेनची तिसरी सिंफनी, म्हणजे 'एरोइका', वाजवायला घेतली. ई फ्लॅट त्याने बरोबर लावला आणि दुसरा ढोल शुद्ध बीला. षड्जाच्या जागा सगळ्या चोख, पंचम आला की आरडाओरडा. एका आड एक ठोका चुकीचा अशी तक्रार असेल तर आधी इथेच बघा.

भर म्हणून जुन्या पार्टमध्ये स्वरांपुढे फ्लॅट-शार्पची (अर्धा स्वर खाली-वर दाखवणारी) चिन्हंच नसतात. वर एकदा सूर सांगितला की खाली नुसता ई लिहून मोकळे, आणि वाजवायचा ई फ्लॅट. अठराव्या शतकातल्या कितीतरी पार्टमध्ये तर काहीही लावलेलं असो, लिहिलेलं असतं सी आणि जी. सी म्हणजे षड्जाचा ढोल, जी म्हणजे पंचमाचा, एवढाच अर्थ.

"मुता" हा शब्दही घोटाळ्यात टाकतो. "मुता इन एफ" म्हणजे या ढोलाचा सूर बदलून एफ करा. इंग्रजी म्यूटशी त्याचा संबंध नाही. ढोल झाकायचा असेल तर इटालियनमध्ये "कोपेर्ती" लिहितात. "मुता" पाहून फडकं टाकलेलं मी पाहिलंय, आणि मग पुढची चाळीस बार जुनाच सूर झाकून वाजत राहिला.

तिसरी तपासणी: बार मोजताना घसरलात का

साठ-सत्तर बार विश्रांती, मग दोन ठोके, पुन्हा तीस बार विश्रांती. एक बार आधी किंवा नंतर शिरलात तर स्वर बरोबर आणि हार्मनी शेजारची, आणि कानाला ते हुबेहूब चुकीच्या स्वरासारखंच लागतं. तुमच्या आधी कोण काय वाजवतं ते पार्टमध्ये बारीक पेन्सिलने लिहून ठेवा. "ओबो वर चढते, तिच्या नंतर मी." एवढं पुरतं.

चौथी तपासणी: पूर्ण स्कोअर उघडा

इथून पुढे थोडे पैसे आणि बराच वेळ. पार्ट आणि स्कोअर (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेली प्रत) शेजारी ठेवून तो बार ताडून पाहा. जुन्या छपाईत ठोका एका रेघेने वर-खाली झालेला असतो, किंवा पार्टमध्ये "मुता"ची सूचनाच गळलेली असते. शक्य असेल तर चिकित्सक आवृत्ती, म्हणजे मूळ प्रती ताडून तयार केलेली, बघा. बेथोवेनच्या नऊ सिंफनींची जोनाथन डेल मार यांनी संपादित केलेली बेरेनराइटर या प्रकाशकाची आवृत्ती १९९६ ते २००० या काळात आली. तिची किंमत हौशी ऑर्केस्ट्राला जड जाते हे मान्य, पण एखाद्या संगीत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून तेवढं एक पान पाहता आलं तरी काम होतं. छापील चूक असेल तर ती दुरुस्त करा आणि थांबा. ही दुरुस्ती झाली. संगीतकाराच्या स्वरात फेरफार करणं वेगळं, ते अजून सुरूच झालेलं नाही.

पाचवी तपासणी: हे भांडण मुद्दाम लावलेलं आहे का

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि घाईत हीच सुटते.

त्या बारची कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा स्वरांचा गट, कागदावर मांडा. बासमध्ये कुठला स्वर आहे, वर कोण काय वाजवतं, टिंपनी कुठे आहे. मग आजूबाजूचे दहा बार बघा. टिंपनी एकच स्वर धरून बसली असेल आणि वर हार्मनी सरकत असेल, तर तो खर्ज आहे. तानपुरा चालू आहे आणि गायक फिरतोय, अगदी तसा. ब्राम्सची पहिली सिंफनी, १८७६. पहिल्याच बारपासून टिंपनी सी ठोकत राहते आणि वर व्हायोलिन आणि वुडविंड वेगवेगळ्या दिशांना ओढत जातात. त्या सीला वरचे कितीतरी स्वर परके आहेत, आणि ते परकेपणच त्या जागेचा जीव आहे. तिथे हात लावायचा नाही.

ब्राम्सच्याच 'जर्मन रेक्विएम' या समूहगायनाच्या रचनेची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १ डिसेंबर १८६७ रोजी व्हिएन्नात त्याचे पहिले तीन भाग वाजले. तिसऱ्या भागाच्या शेवटी छत्तीस बार डीचा खर्ज धरून वर फ्यूग (एकच चाल एकामागून एक उचलत जाणारी रचना) चालतो. टिंपनीवाल्याने तो डी इतक्या जोरात बडवला की गायकांचं काही ऐकूच येईना, आणि श्रोत्यांनी हुर्यो केली. स्वर बरोबर होता, पार्ट बरोबर होता. चुकला तो आवाजाचा अंदाज. म्हणून पार्ट बदलण्याआधी मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: हेच अर्ध्या आवाजात वाजवलं तर टोचेल का? जरा कडक मॅलेट (वाजवायची काठी) घेतली, ठोका लगेच हाताने दाबला, तरी स्वर मागे सरकतो आणि ताल तेवढा पुढे येतो. पुष्कळ जागा एवढ्यावरच सुटतात.

भांडण मुद्दामचं असल्याची आणखी दोन उदाहरणं देतो. 'फिदेलिओ' या ऑपेराच्या दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला, तुरुंगाच्या तळघरात, बेथोवेनने टिंपनी ए आणि ई फ्लॅटला लावल्या. षड्ज-पंचम सोडून मुद्दाम घेतलेलं हे अंतर आहे, अंधारासाठी. त्याला सुधारून गोड करणं म्हणजे त्या कैद्याच्या कोठडीत ट्यूबलाइट लावणं. आणि चौथी सिंफनी, १८०६. पहिल्या भागाच्या मध्यात संगीत एफ शार्पच्या कॉर्डवर पोचतं आणि टिंपनी बी फ्लॅटवर हळूच घुमू लागते. कागदावर हे दोघं अनोळखी दिसतात. कानाला तो बी फ्लॅट ए शार्प होतो, कॉर्डमध्ये विरघळतो. मग हार्मनी घरी परतते आणि तोच ठोका षड्ज ठरतो. स्वराचं नाव बघून "चूक" म्हणणाऱ्याने ही जागा एकदा डोळे मिटून ऐकावी.

सहावी तपासणी: ट्रम्पेट काय करतोय

त्या काळात ट्रम्पेट आणि टिंपनी जोडीने चालायचे. ट्रम्पेटला व्हॉल्व्ह (स्वर बदलायच्या कळा) नव्हते, त्यामुळे त्याच्याकडेही मोजकेच स्वर. म्हणून ट्रम्पेट हा उत्तम साक्षीदार आहे.

एक जागा जवळून बघू. रचना डी मेजरमध्ये, टिंपनी डी आणि ए. मोठ्या आवाजात ई मेजरची कॉर्ड येते, ई, जी शार्प, बी, आणि तिथून ए मेजरवर उतरते. टिंपनीला चार ठोके लिहिलेत, चारही एवर. पहिले दोन ई मेजरच्या कॉर्डखाली येतात आणि जी शार्पशी अर्ध्या स्वराने घासतात. पुढचे दोन ए मेजरवर, सुरेख.

आता ट्रम्पेट बघा. तोही चारही ठोक्यांना एवर असेल तर जोडी एकत्र खर्ज धरून आहे. टिंपनी एकटी बदललीत तर ट्रम्पेट मागे राहील आणि तुम्ही आगीतून फुफाट्यात जाल. पण ट्रम्पेट पहिल्या दोन ठोक्यांना ईवर असेल, तर चित्र पालटतं. डीच्या व्हॉल्व्ह नसलेल्या ट्रम्पेटला वरचा ई मिळत होता, म्हणून संगीतकाराने तो दिला. टिंपनीकडे ई नव्हताच, म्हणून तिला एवर ठेवलं. असा पुरावा सापडला तरच मी पार्ट बदलायचा विचार करतो.

बदल करायचाच झाला तर

ताल, ठोक्यांची संख्या, आवाजाची पातळी यांतलं काहीही बदलायचं नाही. बदलायचा फक्त स्वर, तोही कमीत कमी ठोक्यांचा. आधी बघा, लावलेल्या दोन ढोलांपैकी दुसरा चालतो का. नाहीतर त्या दोन ठोक्यांचा आवाज दाबता येतो का. तेही नाही जमलं तरच नवा स्वर.

वरच्या जागेत नवा स्वर ई. पण कुठला ई? बत्तीस इंची ढोलावर खालचा ई मिळतो, आणि तोच घ्यावासा वाटतो, कारण भारदस्त असतो. घेऊ नका. त्या काळातल्या टिंपनी साधारण खालच्या एफपासून वरच्या एफपर्यंत, एका सप्तकात असायच्या. त्याखालचा ई त्या संगीतात गेल्या शतकातल्या सिनेमासारखा ऐकू येतो. वरचा ई दोन ठिकाणी मिळतो. तेवीस इंचीवर तो ढोलाच्या तळाशी येतो, हेड सैल असतं, स्वर पसरट. सव्वीस इंचीवर तोच ई ताणलेला आणि स्पष्ट, पण त्या ढोलावर डी लावलेला आहे. मागे-पुढे पाच-सहा बार मोकळे असतील तर मी सव्वीस इंचीच पेडलने डीवरून ईवर नेतो आणि परत आणतो. मोकळीक नसेल तर तेवीस इंची आधीपासून ईला लावून ठेवतो, कारण धावपळीत अर्धवट लागलेल्या ईपेक्षा पसरट ई केव्हाही बरा. आता ठोके ई, ई, ए, ए असे खाली उतरतात आणि बासच्या चालीबरोबर जागेवर बसतात.

कॉर्डचा कुठला स्वर द्यायचा यालाही अर्थ आहे. टिंपनी स्वतःचा पंचम बरोबर घेऊन येते हे वर सांगितलंच. कॉर्डचा मूळ स्वर किंवा पंचम दिलात तर ते खपून जातं. गंधार दिलात तर त्याचा पंचमही वाजतो, आणि तो कॉर्डबाहेरचा असतो. म्हणून गंधार जोरात गढूळ लागतो.

आणि रिकाम्या जागा भरू नका. पहिल्या भागात टिंपनी होती, पुढे तीच जागा दुसऱ्या पट्टीत आली तेव्हा नाही, म्हणून "ढोल असते तर त्याने लिहिलंच असतं" असं म्हणून ठोके घालणारे आहेत. स्वर नव्हता म्हणून गप्प, की ती शांतता हवी होती म्हणून गप्प, हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. चुकीचा ठोका दुरुस्त करायला मी तयार आहे. नवा ठोका लिहायला नाही.

कुठे थांबायचं, कोणाला बोलवायचं

पेडल सोडलं की सूर आपोआप सरकत असेल तर स्प्रिंगचा तोल गेलाय. तिथे स्वतः पाना लावू नका, टिंपनी दुरुस्त करणाऱ्यालाच बोलवा. स्प्रिंगवर भरपूर ताण असतो आणि ती सुटली तर हाताला इजा होते. घरं मिळवूनही ढोल दोन सुरांत वाजत असेल तर हेड संपलंय किंवा भांड्याची कड वाकलीय. प्लास्टिक हेड बदलायला शिकता येतं, पण कातडी हेड मढवणं आणि वाकलेली कड सरळ करणं हे कारागिराचं काम आहे.

कॉर्ड तुम्हाला स्वतःला मांडता येत नसेल तर पाचव्या तपासणीपुढे जाऊ नका. हार्मनी शिकलेल्या माणसाला, ऑर्केस्ट्रेशन करणाऱ्याला किंवा व्यावसायिक टिंपनीवादकाला स्कोअरचं पान दाखवा. अर्ध्या तासाचं काम असतं.

कंडक्टरला विचारल्याशिवाय एकही स्वर बदलायचा नाही, आणि विचारायचं ते रिहर्सलच्या आधी, स्कोअर समोर ठेवून. "सर, १८३ व्या बारला ट्रम्पेट ईवर आहे आणि मी एवर. ई घेऊ का?" इतकं नेमकं विचारलं की उत्तरही नेमकं येतं. ते नाही म्हणाले तर छापलं आहे ते वाजवा, फक्त थोड्या कमी आवाजात.

संगीतकार हयात असेल किंवा रचना कॉपीराइटमध्ये असेल तर विषयच वेगळा. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, युरोपात ७०. अशा रचनेत काही खटकलं तर प्रकाशकाला लिहून विचारा, स्वतः काही करू नका.

भाड्याने आणलेल्या पार्टवर फक्त मऊ पेन्सिल. मी मूळ स्वर तसाच ठेवतो, नवा स्वर ओळीच्या वर छोट्या अक्षरात लिहितो आणि शेजारी तारीख टाकतो. कार्यक्रम झाला की परत पाठवण्याआधी सगळं खोडून टाकतो, आणि आमच्या वहीत त्या बारपुढे कारण लिहून ठेवतो: ट्रम्पेट ईवर होता.